मोजल्याशिवाय हलवलेला टॉवर

आमच्या गल्लीतला मोबाईल टॉवर काढून टाका, या अर्जावर पहिली सही माझी होती. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाईंच्या घरासमोर टॉवर उभा राहिला असता म्हणजे कळलं असतं. उभा राहिला होता. साडेचार वर्षं होता.

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या जुन्या भागात, दौलतगंजाच्या आतल्या बाजूला आमचं घर आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं औषधांचं दुकान गेली 22 वर्षं मी चालवते. 2013 साली पावसाळा सरल्यावर समोरच्या तीनमजली घराच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा चढू लागला. गल्लीत कुणाला काही विचारलं नव्हतं. पाण्याची टाकी बसवत असतील म्हणून आम्ही नुसते पाहत राहिलो. दिवाळीच्या सुमारास वर अँटेना लागल्या आणि खाली बोळात जनरेटर आला. घरमालकाला दरमहा भाडं सुरू झालं, आम्हाला धडधड. त्या वेळी इथल्या उन्हाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जायची हे ग्वाल्हेरच्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक वेळी तो जनरेटर सुरू व्हायचा आणि डिझेलचा काळा धूर सरळ आमच्या माजघरात यायचा.

दीड वर्षानं शेजारच्या काकूंच्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर पहाडीवर त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. इथे कर्करोग रुग्णालयाच्या टेकडीचं नावच तसं पडलं आहे. त्यांची औषधं माझ्याच दुकानातून जायची. पुढच्या वर्षी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका गृहस्थांना तोंडाचा कर्करोग झाला. दोन वर्षांत दोन घरं, आणि दोन्ही घरांच्या खिडकीतून तो टॉवर दिसायचा. गल्लीला आणखी पुरावा नको होता. मलाही नको होता.

अशात 2017च्या वसंतात सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश आला. आमच्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर दाल बाजार आहे. तिथल्या एका घरी काम करणाऱ्या 42 वर्षांच्या माणसाला हॉजकिन्स लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला होता. शेजारच्या गच्चीवर 2002 साली बेकायदा बसवलेला टॉवर पन्नास मीटरच्या आत आहे आणि चौदा वर्षं त्याच्या लहरी अंगावर झेलल्यामुळे हा रोग झाला, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयानं तो टॉवर सात दिवसांत बंद करायला सांगितलं. एका व्यक्तीच्या तक्रारीवरून टॉवर बंद होण्याची देशातली ही पहिलीच वेळ असल्याचं सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. ग्वाल्हेरचं नाव देशभर झालं, आणि आमच्या गल्लीत गणपतीच्या आरतीनंतर बैठक बसली. अर्ज मी लिहिला. पार्षदांपासून, म्हणजे नगरसेवकांपासून, कलेक्टर कचेरीपर्यंत आम्ही चकरा मारल्या. पुढच्या उन्हाळ्यात टॉवर उतरला. आम्ही पेढे वाटले.

तो टॉवर कुठे गेला हे मला वर्षभरानं कळलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला इन्सुलिन पोचवायला मी नाल्याकडच्या एका वस्तीत गेले होते. दाटीवाटीची घरं, गल्ली इतकी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावं लागतं. तिथल्या एका दुमजली घरावर टॉवर होता आणि खाली तोच जनरेटर, त्याच्या पत्र्यावर आमच्या गल्लीतल्या पोरांनी कोरलेली नावं अजून होती. ओट्यावर बसलेल्या एका बाईंना मी सहज विचारलं, हा कधी लागला? त्यांनी मला ओळखलं, दुकानात येत असाव्यात. म्हणाल्या, "बहनजी, आप लोगों ने हटवाया, हमारे सिर पर लगवा दिया."

त्या वाक्यानं मला वाचायला बसवलं. जे काम अर्ज लिहिण्याआधी करायला हवं होतं ते मी नंतर केलं. औषधांच्या दुकानदाराला रोज अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयांचे परिणाम दिसतात, तरी मी तेच केलं होतं.

पहिल्यांदा अडखळले ती एका शब्दापाशी. आपली मराठी वर्तमानपत्रं सर्रास ‘टॉवरचा किरणोत्सर्ग’ असं छापतात. किरणोत्सर्ग म्हटलं की डोळ्यांसमोर चेर्नोबिल येतं, हिरोशिमा येतं. युरेनियमसारख्या मूलद्रव्याचे अणू फुटून जे बाहेर पडतं त्याला तो शब्द आहे. टॉवरमधून निघतात त्या रेडिओच्या लहरी, आकाशवाणीच्या जातीच्या, फक्त जास्त वेगानं कंप पावणाऱ्या. शास्त्रीय मराठीत अशा सगळ्या लहरींसाठी ‘प्रारण’ असा वेगळा शब्द आहे, पण तो पाठ्यपुस्तकाबाहेर पडलाच नाही. क्ष-किरणाच्या एका कणात अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याची, पेशीतला डीएनए तोडण्याची ताकद असते. मोबाईलच्या लहरीच्या एका कणाची ताकद त्यासाठी लागणाऱ्या ताकदीच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असते. आणि असे कितीही कण आले तरी त्यांची ताकद एकत्र येऊन इलेक्ट्रॉन उडत नाही. शंभर मुलांनी एकेक खडा मारला म्हणून किल्ल्याची भिंत पडत नाही, तसंच काहीसं. या लहरींचा जो परिणाम पक्का माहीत आहे तो एकच, ऊब. तीव्रता पुरेशी असेल तर शरीर तापतं. जगभरच्या मर्यादा आखल्या आहेत त्या या तापण्याच्या पुष्कळ खाली.

भारतातल्या मर्यादा तर त्याहूनही खाली आहेत. अशा लहरींच्या मर्यादा आखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानं सामान्य माणसासाठी ठरवलेली पातळी 900 मेगाहर्ट्झच्या लहरींना दर चौरस मीटरला 4.5 वॅट आहे. आपल्या दूरसंचार विभागानं 1 सप्टेंबर 2012 पासून ती दहा पटींनी उतरवून 0.45 वॅट केली. हे ऐकून मला आधी वाटलं, कागदावर काय वाट्टेल ते लिहितील. मर्यादा पाळली जाते की नाही हे कोण बघणार? हा प्रश्न मला आजही खरा वाटतो. त्याकडे परत येते.

पण आधी कर्करोगाचं. टॉवरविरोधी प्रत्येक पत्रकात एक ओळ हमखास असते: जागतिक आरोग्य संघटनेनं या लहरींना कर्करोगकारक ठरवलं आहे. आमच्या अर्जातही ती होती, मीच घातली होती. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मे 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘2बी’ गटात टाकलं हे खरं. या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही’ इतकाच. तो निर्णय मुख्यतः मोबाईल कानाला लावून तासन्‌तास बोलणाऱ्यांमधल्या मेंदूच्या गाठींच्या काही अभ्यासांवर बेतलेला होता. टॉवरजवळ राहण्याबद्दलचा पुरावा अपुरा आहे असं त्याच समितीनं नोंदवलं होतं. मला जास्त हादरवलं ते वरच्या गटानं. त्या संस्थेचा पहिला गट म्हणजे ज्यांनी माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालं आहे अशा गोष्टी. त्यात तंबाखू आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात नुसती सुपारीही आहे, तंबाखूशिवायची. 2012 मध्ये डिझेलचा धूर त्यात गेला. 2013 मध्ये शहराची दूषित हवा गेली.

म्हणजे आमच्या गल्लीत खरोखर पहिल्या गटातली एक गोष्ट आली होती, आणि ती गच्चीवर नव्हती, खाली बोळात होती. आम्ही चार वर्षं मान वर करून अँटेनाकडे बोट दाखवत होतो आणि नाकासमोरचा धूर आमच्या अर्जात चौथ्या परिच्छेदात ‘तसेच आवाजाचाही त्रास होतो’ या वाक्याच्या शेपटीला बांधला होता. तोंडाचा कर्करोग झालेले ते गृहस्थ तीस वर्षं सुपारी आणि गुटखा खात होते. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. टॉवर दिसल्यावर आम्ही ते विसरलो.

टॉवरजवळ राहणाऱ्यांचे अभ्यास झालेच नाहीत असं नाही. जर्मनीतल्या नायला या छोट्या गावातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये आपल्या सुमारे हजार रोग्यांच्या नोंदी तपासून सांगितलं की टॉवरपासून 400 मीटरच्या आत राहणाऱ्यांत काही वर्षांनी कर्करोग तिप्पट दिसतो. हा आकडा आजही फिरतो. पण त्यात लहरी मोजल्याच नव्हत्या, फक्त अंतर पाहिलं होतं, कर्करोगाचे रोगी मोजके होते आणि कोण सिगारेट ओढतं याचा हिशेब नव्हता. सहा वर्षांनी ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोठं काम झालं. चार वर्षांपर्यंतच्या, कर्करोग झालेल्या 1397 मुलांची 5588 निरोगी मुलांशी तुलना केली. मूल पोटात असताना आईचं घर टॉवरपासून किती दूर होतं, त्या टॉवरची शक्ती किती होती, घरापाशी लहरींची तीव्रता किती येत असेल, हे सगळं काढलं. दोन्ही गटांत फरक सापडला नाही. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून जुन्या 63 अभ्यासांची एकत्र छाननी झाली. मोबाईल वापरण्याचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही, आणि प्रक्षेपण टॉवरांचा मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशीही दिसला नाही.

इथे माझ्या धाकट्या दिरांनी मला जो प्रश्न विचारला तो अनेकांच्या मनात असतो. सिगारेटबद्दलही कंपन्या आधी असंच म्हणत होत्या ना? म्हणत होत्या. पण तिथे डॉक्टर काय म्हणत होते ते बघावं. 1950 मध्येच ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांची गाठ घालून दिली होती. धोका इतका मोठा होता की पुढे ज्यानं ज्यानं मोजलं त्याला तो दिसला, आणि कंपन्यांना तो झाकायला पैसा ओतावा लागला. मोबाईलचं उलट आहे. आपल्याकडे पहिला कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत तो त्याच्याही आधीपासून होता, आणि तिथे प्रत्येक कर्करोगाची सरकारी नोंद होते. घरोघरी फोन आले, टॉवर आले, आणि मेंदूच्या गाठींचा आलेख त्याबरोबर चढला नाही.

तरी सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमानं 2018 मध्ये उंदरांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षं, रोज नऊ तास, सगळ्या अंगावर तीव्र लहरी. नर उंदरांच्या हृदयात एका जातीच्या गाठी वाढल्याचं आढळलं. त्याच प्रयोगात लहरी सोसलेले नर उंदीर बाकीच्यांपेक्षा जास्त जगले, हे कोडंही कुणाला नीट सुटलेलं नाही. लहान वयापासून रोज कित्येक तास फोन कानाला लावणाऱ्या पिढीबद्दल अभ्यास चालू राहिले पाहिजेत. ही शंका फोनबद्दलची आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. डोक्याला चिकटलेल्या फोनपासून मेंदूला जे मिळतं त्यापुढे समोरच्या गच्चीवरून येणारं फार किरकोळ असतं.

आणि यातच ती गोष्ट आहे जी मला अर्ज लिहिताना कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. फोन आणि टॉवर एकमेकांशी बोलतात. टॉवर जवळ असला की फोन हळू आवाजात बोलतो, लांब गेला की ओरडतो. सिग्नल चांगला असेल तिथे फोन आपली शक्ती शेकडो पटींनी कमी करू शकतो. एकच दांडी दिसत असेल तर पूर्ण ताकद लावतो. टॉवर उतरल्यावर आमच्या गल्लीत सिग्नल इतका पडला की माझ्या सासूबाई पुण्याच्या नणंदेशी बोलायला जिन्यात जाऊन बसायच्या आणि फोन कानात खुपसून ओरडायच्या. मोठ्या यंत्राला घालवून आम्ही लहान यंत्राला डोक्याशी जोरात चालवत होतो. टॉवर वस्तीपासून कोसभर लांब हवा, अशी मागणी करणाऱ्यांनी हे जिन्यातलं दृश्य डोळ्यांसमोर आणावं.

टॉवरच्या ऐन खाली सर्वांत जास्त लहरी असतात हाही असाच एक समज. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. अँटेना टॉर्चसारख्या समोर झोत टाकतात, किंचित खाली झुकवून. ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याच्या घरात पोचतं ते थोडं. त्याच उंचीवर, झोतासमोर ज्याची खिडकी आहे त्याच्याकडे जास्त. म्हणून सरकारी नियम समोरच्या इमारतीबद्दल बोलतो: एक अँटेना असेल तर तिच्या झोतात, तिच्याच उंचीवर, 20 मीटरच्या आत इमारत नको, दोन असतील तर 35, चार असतील तर 45, बारा असतील तर 75 मीटर. आपल्या जुन्या लष्करात, जिथे एका सज्जातून समोरच्या सज्जात वाटी देता येते, तिथे हा नियम फार महत्त्वाचा आहे. लोक विचारतात, टॉवर घरापासून किती मीटर? विचारायला हवं ते हे की अँटेनाच्या तोंडासमोर काय आहे.

आता डोकेदुखी, झोप न लागणं, छातीत धडधड. या तक्रारी मी काउंटरपलीकडून ऐकल्या आहेत आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. डोकं दुखतं म्हणणाऱ्याचं डोकं दुखतंच. प्रश्न कशानं, एवढाच. ज्यांना लहरींचा त्रास होतो अशी खात्री आहे अशा लोकांना बंद खोलीत बसवून, लहरी चालू आहेत की बंद हे त्यांना किंवा तपासणाऱ्याला कळू न देता, बरेच प्रयोग झाले. 2010 मध्ये अशा 46 प्रयोगांचा, मिळून 1175 जणांचा, आढावा घेतला गेला. लहरी चालू कधी आहेत हे लोकांना ओळखता येत नव्हतं. लहरी चालू आहेत असं वाटलं की बंद असतानाही त्रास व्हायचा. औषधाच्या नावानं साखरेची गोळी दिली तरी काहींना बरं वाटतं, त्याचीच ही दुसरी बाजू. भीतीनं माणूस खरोखर आजारी पडतो. मग ती भीती वाढवणाऱ्यानंही जबाबदारी घ्यायला हवी, आणि त्यात मी आले. काकूंना केमोथेरपी चालू असताना मी त्यांच्या घरी बसून सही घेतली होती. त्यांनी विचारलं होतं, "खरंच यानं झालं असेल का गं?" आणि मी म्हटलं होतं, "हो काकू, त्यानंच." त्यानंतर त्या समोरच्या बाजूची खिडकी उघडत नसत. मे महिन्यातसुद्धा.

काकू पाच वर्षं जगल्या. त्यांना मी नंतर हे सगळं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दोन घरांत दोन कर्करोग याचं काय, असं अजूनही कुणी विचारतं. भारतात नऊ माणसांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होईल असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अंदाज आहे. आमच्या गल्लीत दोनशे माणसं राहतात. म्हणजे वीस-बावीस जणांना, टॉवर असो वा नसो. टॉवर दाट वस्तीतच लागतात, कारण फोन तिथेच असतात. जिथे माणसं जास्त तिथे टॉवर जास्त आणि रोगीही जास्त; दोघांना जोडणारी रेघ मग आपलं मन ओढतं. दाल बाजाराच्या प्रकरणातही न्यायालयाचा आदेश टॉवर बंद करण्याचा होता. त्या माणसाचा रोग त्याच टॉवरमुळे झाला, असा शास्त्रीय वादाचा निकाल तो नव्हता. टॉवर बेकायदा असेल तर त्याला बंद करायला तेवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी कर्करोगाची साक्ष काढावी लागू नये. पण आपल्याकडे ती काढल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हे दुखणं आहे.

आणि इथे मला कंपन्यांना आणि सरकारला बोलायचं आहे. ‘लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात,’ असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. आपण मध्य प्रदेशात राहतो. 1984च्या डिसेंबरातली ती भोपाळची रात्र या राज्यातल्या लोकांनी पाहिली आहे. कारखान्यापासून धोका नाही असं त्यांनाही सांगितलं गेलं होतं. अशा राज्यात जेव्हा रातोरात गच्चीवर सांगाडा चढतो, कुणाची परवानगी आहे याचा फलक नसतो, कुणाला भेटायचं ते कळत नाही आणि विचारलं तर घरमालक सांगतो, ‘कंपनीको पूछो’, तेव्हा लोकांनी वाईटात वाईट धरून चाललं तर त्यांचं काय चुकलं? अंधारात ठेवलेला माणूस दोरीला साप म्हणणारच.

मोजणीची सोय आहे, पण ती किती जणांना ठाऊक आहे? दूरसंचार विभागानं 2 मे 2017 रोजी ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. आपल्या घराजवळ कोणते टॉवर आहेत, ते नियमात बसतात का, हे तिथे दिसतं. 4000 रुपये भरले तर अधिकारी येऊन आपल्या घरी लहरींची मोजणी करतात. आमचा अर्ज त्यानंतर चार महिन्यांनी लिहिला गेला, आणि आम्ही भेटलो त्या एकाही माणसानं हे सांगितलं नाही. पार्षदांनी नाही, कचेरीतल्या बाबूंनी नाही, कंपनीच्या माणसानं तर नाहीच. त्या चार हजारांत आमचा अर्धा वाद मिटला असता. शिवाय हे पैसे नागरिकानं का भरायचे? ज्याच्या धंद्यासाठी टॉवर उभा आहे त्यानं भरावेत, आणि मोजणी टॉवर सुरू झाल्यावर महिन्याच्या आत, समोरच्या घरांच्या खिडक्यांत, घरच्यांच्या देखत व्हावी. आकडा फलकावर लिहावा, देवनागरीत, हाताएवढ्या अक्षरात. परवानगी कुणाची, इमारतीला भार पेलवतो याचं प्रमाणपत्र कुणाचं, तक्रार कुठे करायची, हेही त्याच फलकावर.

जनरेटर दाट वस्तीत नकोच. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शहरांच्या हवेची यादी काढली तेव्हा सूक्ष्म धुळीत ग्वाल्हेर जगात दुसरं होतं, वर्षाची सरासरी 176 मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा 40 आहे. त्या यादीनंतर शहराच्या मुख्य चौकात, बाड्यावर, मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. माझ्या दुकानात हिवाळ्यात इन्हेलरची मागणी किती वाढते हे मी डोळ्यांनी बघते. त्या गिऱ्हाइकांत शाळकरी मुलं असतात. अँटेना दिसते म्हणून तिची भीती वाटते, आणि हवेतला विषारी कण दिसत नाही म्हणून त्यावर अर्ज होत नाही.

आम्ही टॉवर हलवला तेव्हा आमच्या डोक्याशी येणाऱ्या लहरी फार कमी झाल्या नाहीत, पण धूर नक्की हलला. तो आमच्या माजघरातून निघून अशा वस्तीत गेला जिथे कलेक्टर कचेरीत कुणाशी बोलायचं हे माहीत असलेलं एकही माणूस नव्हतं. देशात ठिकठिकाणी शिकल्यासवरल्या कॉलन्या टॉवर हटवतात. ते कुठे जातात हे कुणी विचारत नाही. मलाही एका बाईनं ओट्यावरून सुनावलं तेव्हाच कळलं.

गेल्या महिन्यात गल्लीत पुन्हा बैठक घेतली. सगळे आले नाहीत. एक काका म्हणाले, गेलेला टॉवर कशाला उकरून काढतेस? तरी चौदा घरांनी वर्गणी दिली आणि चार हजार जमले. ते नाल्याकडच्या वस्तीच्या नावानं भरायचे, मोजणीच्या दिवशी त्या बाईंच्या घरच्या खिडकीत यंत्र लावायला सांगायचं, असं ठरलं आहे. जनरेटर काढून जास्त क्षमतेच्या बॅटऱ्या बसवा, असा वेगळा अर्ज तयार आहे. या वेळी मी लिहिला नाही. वस्तीतल्या लोकांनी सांगितला, माझ्या मुलीनं हिंदीत उतरवून घेतला. पहिली सही त्या बाईंची आहे.